ब्रेल लिपीतील संगणकीय संकेतन

ब्रेल लिपीतील संगणकीय संकेतन : संगणकाच्या आज्ञावल्या, सुट्या आज्ञा, फाइलींची नावे, ई-मेलचे पत्ते इ. मजकूर अंध वाचकांसाठी उठावदार ठिपक्यांच्या ब्रेल लिपीत जसाच्या तसा उतरविण्याची पद्धती. ‘जसाच्या तसा’ या शब्दांतच या विषयाची सारी अडचण सामावलेली आहे. कादंबरीच्या ब्रेल प्रतीत एखादा स्वल्पविराम गळाला, तर वाचकाचे फारसे अडत नाही. तो संदर्भावरून अर्थ लावून पुढे जातो. आज्ञावलीत स्वल्पविराम गळाला, तर ती चालत नाही किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलतेच उत्तर देते. ब्रेल लिपी वाचकाच्या तारतम्यावर विश्वास ठेवून वाढली. संगणकाची भाषा अशा तारतम्याला वावच देत नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न १९६० नंतर मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाले आणि अंध व्यक्तींना संगणकाच्या व्यवसायात शिरता येणे न येणे पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून राहिले.

लिपीची घडण : लुई ब्रेल (४ जानेवारी १८०९–६ जानेवारी १८५२) याने शार्ल बार्ब्ये या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या बारा ठिपक्यांच्या लेखनपद्धतीत सुधारणा करून सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली व १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली [⟶ ब्रेल, लुई]. दोन उभ्या रांगांत तीन-तीन अशा सहा जागा मिळून या लिपीतील एक घर होते. डावीकडील जागांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील जागांना ४, ५, ६ असे क्रमांक देण्याचा प्रघात आहे. प्रत्येक जागी ठिपका असेल किंवा नसेल, म्हणून कोरे घर धरून एकूण ६४ आकृत्या संभवतात. बोटाच्या अग्राखाली एका स्पर्शात मावेल एवढेच हे घर असल्याने वाचन जलद होते. परंतु त्याच कारणाने आकृत्यांची संख्या मर्यादित राहते. अंकांना वेगळ्या आकृत्या उरल्या नाहीत म्हणून पहिल्या दहा अक्षरांपूर्वी अंकदर्शक (ठिपके ३, ४, ५, ६) घालून त्यांनाच अंक मानण्यात आले. कॅपिटल अक्षरासाठीही वेगळी आकृती नसून अक्षरापूर्वी एक दर्शक घालावा लागतो.

ब्रेल पुस्तके फार जाड होतात. जागा व वाचनाचा वेळ वाचविण्यासाठी इंग्रजी ब्रेलमध्ये संक्षेपांची मोठी व्यवस्था निर्माण झाली आणि १९३२ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी तिचे एक प्रमाणरूप मान्य केले. या व्यवस्थेत एकाच आकृतीला तिच्या स्थानानुसार निरनिराळे अर्थ असतात. ठिपके २, ५, ६ यांची आकृती शब्दाच्या शेवटी आली, तर ती पूर्णविराम होते. शब्दारंभी आली, तर ‘डिस’ हा उपसर्ग होतो आणि दोन अक्षरांमध्ये आली, तर तिचा अर्थ जोड ‘डी’ असा होत असे. त्याचप्रमाणे अर्धविराम व जोड ‘बी’, अपूर्णविराम व जोड ‘सी’, उद्गारचिन्ह व जोड ‘एफ’, कंस व जोड ‘जी’ या जोड्यांना प्रत्येकी एकच आकृती होती. सुटे अक्षर म्हणजे संपूर्ण शब्द, असाही संकेत आहे : एकटा ‘बी’ म्हणजे ‘बट’, एकटा ‘सी’ म्हणजे ‘कॅन’, एकटा ‘एक्स’ म्हणजे ‘इट’.

सामान्य इंग्रजी गद्यात ही व्यवस्था उत्तम चालते, कारण त्या गद्यात विरामचिन्हे शब्दाच्या पोटात येत नाहीत. संगणकीय मजकुरात मात्र ती नेमकी तेथेच येतात. फाइलीच्या नावात दोन अक्षरांमध्ये बिंदू असतो. जुन्या संकेताप्रमाणे तो जोड ‘डी’ म्हणून वाचला जाई. गणिती सूत्रातील चल ‘एक्स’ हा ‘इट’ ठरे. सर्वांत घातक बाब कंसाची होती. जुन्या अमेरिकन साहित्यिक ब्रेलमध्ये उघडणाऱ्या व बंद होणाऱ्या कंसांची आकृती एकच होती. कथेत याने काही बिघडत नाही. परंतु कंसात कंस, त्यात पुन्हा कंस अशा रचनेच्या सूत्रात कोणता कंस उघडला व कोणता मिटला, हे कळण्यास मार्गच राहत नसे.

पूर्वेतिहास : गणिताच्या बाबतीत ही अडचण आधीच जाणवली होती. अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) या जन्मांध अमेरिकन गणितज्ञाने १९४६ च्या सुमारास स्वतःच्या अभ्यासासाठी गणिताचे एक ब्रेल संकेतन तयार केले. ते १९५२ मध्ये स्वीकारले गेले आणि त्याची सुधारित आवृत्ती १९७२ मध्ये निघाली. नेमेथने दोन मूलगामी गोष्टी केल्या. अंकांच्या आकृत्या त्याने घराच्या खालच्या भागात उतरविल्या. त्यामुळे अंक व अक्षर एकमेकांलगत आले, तरी संभ्रम होत नाही. उघडणाऱ्या कंसासाठी ठिपके १, २, ३, ५, ६ व बंद होणाऱ्या कंसासाठी ठिपके २, ३, ४, ५, ६ अशा परस्परांच्या प्रतिबिंबासारख्या आकृत्या त्याने योजिल्या. पुढील संगणकीय संकेतनाने या दोन्ही गोष्टी उचलल्या. नेमेथ स्वतः डेट्रॉइट विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्राकडे वळून त्याने तोही विषय शिकविला. ज्याला संकेतनाची गरज होती, त्यानेच ते घडविले, ही गोष्ट या क्षेत्रात पुन्हा पुन्हा आढळते.

संगणक व ब्रेल यांची पहिली गाठ मात्र उलट दिशेने पडली. संगणकीय मजकूर ब्रेलमध्ये कसा लिहावा, हा प्रश्न पुढे येण्यापूर्वीच सामान्य मजकुराचे ब्रेल संगणकाकडून करून घेता येईल का, याचे प्रयोग सुरू झाले. लुइव्हिल (केंटकी) येथे १८५८ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड’ ही संस्था व आय. बी. एम. कंपनी यांच्या सहकार्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ७०४ या संगणकासाठी इंग्रजीचे संक्षेपयुक्त ब्रेल करणारी आज्ञावली लिहिण्यात आली आणि १९६४ मध्ये लुइव्हिल येथे ७०९ हा संगणक या कामी लागला. डोळस कारकून छिद्रपत्रांवर साधा इंग्रजी मजकूर उतरवीत. संक्षेपांचे नियम संगणक लावी व त्याच्या उत्पादिताच्या आधारे धातूच्या पत्र्यांवर ठिपके उठविले जात. ब्रेल शिकलेल्या माणसाची मागणी त्यामुळे संपली नाही, पण पाठ्यपुस्तके निघण्याचा वेग वाढला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत याच सुमारास ब्रेल उठविणारे यंत्र व आज्ञावली यांवर काम चालू होते. त्या परंपरेतून १९७० मध्ये ‘डॉटसिस-३’ ही आज्ञावली कोबॉल भाषेत लिहिली गेली. तिच्यात संक्षेपांचे नियम आज्ञावलीच्या पोटात न गुंतविता स्वतंत्र तक्त्यांत ठेवले होते. तक्ता बदलला की संकेत बदलतो, ही सोय पुढील सर्व लिप्यंतर-आज्ञावल्यांचा पाया ठरली. डॉटसिसच्या कर्त्यांपैकी जोसेफ सलिव्हन याने रॉबर्ट गिल्डिया याच्यासह १९७५ मध्ये ‘डक्सबरी सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. तिची लिप्यंतर-आज्ञावली पुढे जगभर वापरात आली.

दरम्यान अंध माणसे संगणकाच्या व्यवसायात येऊ लागली होती. सिनसिनाटी विद्यापीठात १९६० च्या दशकात अंध आज्ञावलीकारांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम चालला. आपण लिहिलेली आज्ञावली व तिचे उत्तर वाचावयाचे कसे, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. त्यावर एक साधी पण कल्पक युक्ती निघाली. संगणकाच्या ओळमुद्रकातील पूर्णविरामाचा ठसा कागदावर जोराने आपटतो. कागदाशी रबराची किंवा लवचिक कापडाची पट्टी बसविली, तर त्या आघाताने कागदाच्या मागील बाजूस ठिपका उठतो. ओळी उजवीकडून डावीकडे उलट्या छापल्या, की कागद पालटून त्या सुलट वाचता येत. विशेष यंत्र विकत न घेता कचेरीतील नेहमीच्या मुद्रकावर ब्रेल मिळू लागले. ठिपके फारसे ठसठशीत नसत. पण सहकाऱ्याने वाचून दाखविण्याची वाट पाहावी लागत नसे. एखादी आज्ञा मोठ्याने वाचून दाखविणारा सहकारी कंस, स्वल्पविराम व मोकळ्या जागा सहसा उच्चारीत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या खडबडीत कागदांचे महत्त्व कळते.

त्या पहिल्या काळात एका योगायोगाने काम सोपे केले होते. आय. बी. एम. ७०४ व ७०९ या संगणकांत प्रत्येक चिन्ह सहा द्विमान अंकांनी दर्शविले जाई, म्हणजे चिन्हे जास्तीत जास्त ६४ होती. ब्रेलच्या आकृत्याही तेवढ्याच. १९५७ मध्ये ७०४ साठी तयार झालेल्या फोरट्रान भाषेचे काम तर ४८ चिन्हांत भागे. तिच्यात कॅपिटल अक्षरेच तेवढी होती. म्हणून एका चिन्हाला एक घर, अशी जुळणी सहज करता आली. ही जुळणी पुढे ‘ब्रेल आस्की’ या नावाने रूढ झाली. तिच्यात अंकांना नेमेथच्या पद्धतीप्रमाणे घराच्या खालच्या भागातील आकृत्या मिळाल्या आणि उरलेल्या चिन्हांची वाटणी काही अंशी सादृश्यावरून, तर काही अंशी उरेल ते घर देऊन करण्यात आली. ब्रेल पुस्तकांच्या फाइली जगभर साठविण्यासाठी व पाठविण्यासाठी ही जुळणी अद्यापि वापरात आहे.

हा योगायोग फार काळ टिकला नाही. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की या प्रमाणसंकेतात १९६७ च्या सुधारणेने लहान अक्षरेही समाविष्ट झाली व छापता येण्याजोगी चिन्हे मोकळी जागा धरून ९५ झाली. ६४ घरांत ९५ चिन्हे मावणे शक्य नव्हते. १९७२ च्या सुमारास तयार झालेल्या ‘सी’ या भाषेत तर कॅपिटल व लहान अक्षर यांत अर्थभेद आहे. एकाच नावाची दोन रूपे तेथे दोन वेगळ्या वस्तू दर्शवितात. अंध वाचकाला हा भेद घराघराला कळणे आवश्यक झाले.

संगणकीय संकेतन : तात्पुरत्या स्वरूपाचे काही संकेत १९७० च्या दशकात वापरले गेले. उत्तर अमेरिकेचे ब्रेल प्राधिकरण १९७६ मध्ये अस्तित्वात आले व त्याने १९८७ मध्ये संगणकीय मजकुरासाठी स्वतंत्र ब्रेल संकेतन अधिकृत केले. त्याची सुधारित आवृत्ती २००० मध्ये निघाली. ब्रिटनमध्येही संगणकासाठी वेगळे संकेतन होते. मात्र ते अमेरिकेच्या संकेतनाशी जुळत नसे, आणि एकाच इंग्रजी भाषेतील संगणकाचे पुस्तक महासागर ओलांडताच वाचकाला परके होई.

अमेरिकन संकेतनाचा गाभा ब्रेल आस्कीचा आहे. त्यात संक्षेपांना पूर्ण मज्जाव असून प्रत्येक चिन्ह सुटे लिहिले जाते. अक्षर लहान समजावयाचे, कॅपिटल असेल तर तसा दर्शक घालावयाचा आणि ६४ च्या बाहेरील चिन्हांसाठी ठिपके ४, ५, ६ यांचे घर पुढे जोडून दोन घरांचे चिन्ह करावयाचे, अशी योजना होती. सामान्य वाक्यात मध्येच संगणकीय मजकूर आला, तर त्याच्या आरंभी एक दर्शक (ठिपके ४, ५, ६ व ३, ४, ६) आणि शेवटी दुसरा दर्शक (ठिपके ४, ५, ६ व १, ५, ६) लिहिला जाई. हे दोन दर्शक म्हणजे दोन लिप्यांमधील सीमेवरचे दगडच होत : पहिल्यापर्यंत आकृती २, ५, ६ म्हणजे पूर्णविराम किंवा जोड ‘डी’; त्यानंतर तीच आकृती म्हणजे अंक चार. बोटाखालील ठिपके तेच राहतात. वाचकाने कोणत्या नियमांनी वाचावयाचे, तेवढे बदलते.

मांडणी : चिन्हांचा प्रश्न सुटला, तरी मांडणीचा उरतो आणि तो अधिक किचकट आहे. अमेरिकेतील ब्रेल पृष्ठावर साधारणतः ४० घरांची एक ओळ व २५ ओळी असतात. छिद्रपत्रावर ८० स्तंभ असत व तेवढ्याच लांबीच्या ओळी लिहिण्याची सवय आज्ञावलीकारांत पुढेही टिकली. म्हणजे छापील एक ओळ ब्रेलमध्ये एका ओळीत बसणे दुर्मिळच. कथेची ओळ कोठेही मोडली तरी चालते. आज्ञावलीत ओळीचा शेवट हाच पुष्कळदा आज्ञेचा शेवट असतो; त्यामुळे कागद संपला म्हणून मोडलेली ओळ व मूळ लेखकाने संपविलेली ओळ यांतील भेद वाचकाला समजलाच पाहिजे. यासाठी अमेरिकन संकेतनात ‘पुढे चालू’ असा दर्शक (ठिपके ४, ५, ६ व १, २, ३, ४, ६) होता. ओळ मोडावयाची, तर तिच्या शेवटी हा दर्शक लिहावयाचा; तो नसेल, तर ओळ खरोखर संपली असे समजावयाचे.

मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. फोरट्रानच्या छिद्रपत्रांवर पहिले पाच स्तंभ क्रमांकासाठी, सहावा पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी व सात ते बहात्तर हे स्तंभ आज्ञेसाठी राखून ठेवलेले असत. आज्ञा एक स्तंभ डावीकडे सरकली, तर तिचा अर्थ बदले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत ओळीच्या आरंभीच्या समासावरून कोणती आज्ञा कोणत्या गटात मोडते, हे ठरते. ब्रेलमध्ये एरव्ही एकापेक्षा जास्त मोकळी घरे अनावश्यक समजून गाळली जातात. संगणकीय मजकुरात ती मोजून ठेवावी लागतात आणि वाचकालाही बोटाने मोजावी लागतात. दोन कोऱ्या घरांचे व तीन कोऱ्या घरांचे अंतर डोळ्याला सहज दिसते. बोटाला ते तितके सहज जाणवत नाही. प्रवाह-आलेखांची अडचण याहूनही मोठी, कारण त्यांत अर्थ अक्षरांत नसून बाणांत व चौकटींत असतो. अमेरिकेत त्यांसाठी वेगळी पुरवणी तयार करावी लागली.

लिप्यंतर-आज्ञावल्यांचे कार्य : लिप्यंतर-आज्ञावलीकडे मजकूर जसाच्या तसा सोपविला, तर ती तो इंग्रजी गद्य समजते, संक्षेप करते, जादा मोकळ्या जागा काढून टाकते व परिच्छेदासारख्या ओळी जुळविते. संगणकीय भाग कोणता, हे तिला सांगावे लागते. जुन्या आज्ञावल्यांत त्यासाठी मजकुरात आरंभी व शेवटी नियंत्रक खुणा टंकलिखित करीत. पुढे निवडलेल्या भागाला एखादी ‘शैली’ लावण्याची सोय झाली. खूण आढळली की आज्ञावली संक्षेप थांबविते, संकेताचा तक्ता बदलते, सीमादर्शक घालते, ओळी व समास मूळ स्वरूपात राखते आणि लांब ओळ मोडून ‘पुढे चालू’ दर्शक लावते. जॉन बॉयर याने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘लिबलुई’ या मुक्त आज्ञावलीत तर विशिष्ट अक्षरसमूह देऊन ठेवण्याची सोय आहे. महाजालाच्या पत्त्याचा आरंभ किंवा ‘डॉट कॉम’ यांसारखा समूह एखाद्या शब्दात आढळला, तर तो सबंध शब्द ती आपोआप संगणकीय ब्रेलमध्ये लिहिते.

तथापि अशी ओळख चिन्हांवरून पटते, अर्थावरून नव्हे. ‘इफ’, ‘एंड’, ‘प्रिंट’ हे इंग्रजीतील रोजचे शब्द आहेत व आज्ञाही आहेत. छापील पुस्तकात आज्ञा वेगळ्या ठशात दिलेली असते. काही पुस्तकांत तीही शिस्त नसते आणि मग वाक्य वाचून, समजून निर्णय करावा लागतो. म्हणून संगणकाची थोडीफार जाण असलेल्या लिप्यंतरकाराची जागा यंत्राने घेतलेली नाही. शब्दजुळणीच्या आधुनिक आज्ञावल्यांनी त्याचे काम काही बाबतींत वाढविलेच आहे. त्या सरळ अवतरणचिन्हांची आपण होऊन वक्र अवतरणचिन्हे करतात, लागोपाठच्या दोन संयोगचिन्हांची एक लांब रेघ करतात व वाक्यारंभीचे लहान अक्षर कॅपिटल करतात. गद्याला शोभा आणणाऱ्या या सुधारणा आज्ञावलीच्या मजकुरात चुका होत आणि त्या ब्रेलमध्ये इमानेइतबारे उतरतात. डोळस मुद्रितशोधकाला पडद्यावर न जाणवलेला हा फरक अंध विद्यार्थ्याला मात्र आज्ञावली न चालल्यावर कळतो.

आठ ठिपक्यांचे ब्रेल : कागदाऐवजी स्पर्शपट्टीवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या बारीक खिळ्यांच्या एका ओळीवर, ब्रेल वाचण्याची सोय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उपलब्ध होऊ लागली. अशा पट्टीवर घराच्या तळाशी आणखी दोन ठिपके (७ व ८) देणे अवघड नव्हते. त्यामुळे आकृत्या २५६ झाल्या व एका चिन्हाला एक घर हा गमावलेला मेळ पुन्हा साधला. अक्षराच्या आकृतीत सातवा ठिपका मिळविला की ते कॅपिटल होते. वेगळे घर लागत नाही आणि स्तंभ सरकत नाहीत. जर्मनीत व यूरोपात इतरत्र ही पद्धती विशेष रुजली. युनिकोड प्रमाणसंकेताच्या १९९९ मधील तिसऱ्या आवृत्तीत सर्व २५६ आकृत्यांना स्थान मिळाले. कागदावरील पुस्तकांत मात्र आठ ठिपके आले नाहीत. सहा ठिपक्यांची सवय, यंत्रे व ग्रंथसंग्रह यांची ओढ प्रबळ होती.

एकीकरण : स्वतंत्र संकेतनाचा काळ एका अनपेक्षित कारणाने संपत आला. १९८७ मध्ये संगणकीय मजकूर संगणकाच्या पुस्तकांतच येई. पुढील दहा-पंधरा वर्षांत ई-मेलचे व महाजालाचे पत्ते वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, पाककृतींच्या पुस्तकांतही येऊ लागले. ज्याला संगणकाशी कर्तव्य नाही, अशा वाचकालाही ते वाचण्यासाठी एक संपूर्ण वेगळी लिपी शिकावी लागे. एकाच अमेरिकन विद्यार्थ्याला साहित्याचे, गणिताचे व संगणकाचे अशी तीन ब्रेल संकेतने आत्मसात करावी लागत आणि डॉलरच्या चिन्हासारखी साधी बाबही तिन्हींत सारखी नसे. टिम क्रॅनमर व अब्राहम नेमेथ यांनी जानेवारी १९९१ मध्ये ब्रेल प्राधिकरणाला टिपण सादर करून सर्व विषयांना सामावणाऱ्या एकाच संकेतनाची मागणी केली. १९९३ मध्ये हे काम आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे झाले व त्यातून ‘युनिफाइड इंग्लिश ब्रेल’ सिद्ध झाले. २००४ मध्ये ते वापरण्याइतपत पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नायजेरिया यांनी ते लवकर स्वीकारले. कॅनडाने २०१० मध्ये, ब्रिटनने २०११ मध्ये व अमेरिकेने २०१२ मध्ये तसा निर्णय केला. अमेरिकेत त्याचा अंमल ब्रेलच्या जन्मदिनी, ४ जानेवारी २०१६ रोजी, सुरू झाला. नेमेथचे गणिती संकेतन तेथे कायम राहिले. संगणकीय संकेतनाची अधिकृत मान्यता मात्र संपली.

नव्या संकेतनाने संभ्रमाच्या मूळ जागा काढून टाकल्या. बिंदूशी झगडणारा जोड ‘डी’, अंकदर्शकाशी झगडणारा ‘ब्ल’ यांसह नऊ संक्षेप रद्द झाले. उघडणारा व बंद होणारा कंस वेगळे झाले. वाक्यात आलेला ई-मेलचा पत्ता आता सामान्य मजकुराप्रमाणे संक्षेपांसह लिहिला जातो. स्वतंत्र ओळींत मांडलेल्या आज्ञावलीत संक्षेप करीत नाहीत. ओळ मोडल्यास तिच्या शेवटी पाचवा ठिपका देतात.

यात लाभ सामान्य वाचकाचा झाला. आज्ञावलीकाराची थोडी हानीच झाली, असे म्हणणे भाग आहे. अंक पुन्हा घराच्या वरच्या भागात, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांत गेले. त्यामुळे अंकापाठोपाठ ‘ए’ ते ‘जे’ यांपैकी लहान अक्षर आले, की मध्ये दर्शक (ठिपके ५, ६) घालावा लागतो. अक्षरे व अंक यांचे मिश्रण असलेल्या नावांत आणि षोडशमान संख्यांत असे दर्शक वारंवार येतात, मजकूर लांबतो व स्तंभ जुळत नाहीत. स्वतः नेमेथला ही तडजोड पसंत नव्हती; एकीकरणाची मागणी करणाऱ्या या मनुष्याने अखेरपर्यंत खालच्या अंकांचा पुरस्कार केला. आज्ञावली लिहिणारे अंध व्यावसायिक आता बहुधा कागदावर वाचीत नाहीत. संगणकाला जोडलेली स्पर्शपट्टी व वाचून दाखविणारी आज्ञावली ही त्यांची साधने असून पट्टीवर आठ ठिपक्यांचे संगणकीय ब्रेल निवडण्याची सोय कायम आहे. कागदी ब्रेलची गरज मुख्यतः विद्यार्थ्यांना लागते. अनेक ओळींची आज्ञावली एकाच वेळी दोन्ही हातांखाली असणे व तिचा समास बोटांनी चाचपता येणे, ही सोय एका ओळीच्या पट्टीवर मिळत नाही.

भारतीय भाषा व मराठी : भारतातील भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल हे समान संकेतन स्वीकारण्यात आले व मराठी ब्रेल त्याच्याच आधारे लिहिले जाते [⟶ अंधशिक्षण]. मराठी ब्रेलमध्ये इंग्रजीसारखे संक्षेपांचे जाळे नसल्याने संगणकीय मजकुराची पहिली अडचण येथे सौम्य होते. दुसरी मात्र तीव्र होते. भारती ब्रेलमधील वर्णांना शक्य तेथे समान ध्वनीच्या रोमन अक्षरांच्याच आकृत्या दिलेल्या आहेत आणि काना, मात्रा, वेलांटी यांसाठी स्वरांच्याच आकृत्या व्यंजनानंतर लिहिल्या जातात. छापील मराठी पुस्तकात रोमन लिपीतील आज्ञा आली, तर लिपी बदलल्याचे डोळ्याला तत्काळ दिसते. बोटाला ते कळत नाही. ‘प्रिंट’ ही आज्ञा रोमन अक्षरांनी लिहिली, की तिची पाच घरे मराठी वाचकाच्या बोटाखाली ‘परिनत’ अशी उमटतात. ठिपके ३, ४, ५, ६ हे अंकदर्शक असून ‘ण’ही आहेत, एकटा चौथा ठिपका मराठीत हलन्ताची खूण होतो, तर ब्रेल आस्कीत ई-मेलच्या पत्त्यातील ‘अॅट’चे चिन्ह. ठिपके ३, ४, ६ एका ठिकाणी ‘ङ’, तर दुसऱ्या ठिकाणी अधिक चिन्ह होतात.

म्हणून मराठीतील संगणकविषयक पुस्तकाचे ब्रेल करताना भाषा बदलल्याची खूण प्रत्येक ठिकाणी द्यावी लागते आणि आज्ञावलीला दोन तक्त्यांत आलटून पालटून काम करावे लागते. डक्सबरी व लिबलुई या दोन्हींत मराठीचे तक्ते उपलब्ध आहेत. मूळ फाइलीत मराठी मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर देवनागरी व रोमन अक्षरांचे संकेतांक मुळातच भिन्न असल्याने लिपी कोठे बदलली, हे यंत्राला निश्चित ओळखता येते. जुन्या, युनिकोडपूर्व ठशांत टंकलिखित केलेल्या मराठी फाइलींत ही सोय नसते. त्यांत देवनागरी अक्षर म्हणजे रोमन अक्षराच्या संकेतांकावर चढविलेले चित्रच असते. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय लिप्यंतर-आज्ञावलीच्या हाती देता येत नाही.